जबड्यातली गाठ आणि चामडीचं मलम

आमच्याकडे कोणाचा जबडा सुजला की निदानाला डॉक्टर लागत नाही. पानठेल्यावर उभा असलेला कोणीही सांगतो, "खर्रा खात होता ना? झालं मंग." आणि ते अगदीच उगाच नसतं. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा वर्षानुवर्षं खाऊन तोंड दोन बोटंही न उघडणारी माणसं मला रोज दिसतात. त्यातली काही पुढं नागपूरला जातात. राष्ट्रसंतांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे तिथं, पण आमच्या बोलण्यात "तुकडोजीले नेलं" एवढंच पुरतं. त्यापुढं कोणी काही विचारत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे. थोरले दादा मूळ गावी राहून शेती बघतात. कापूस, तूर, सोयाबीन, दुसरं काय असणार. त्यांचा धाकटा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा असताना त्याच्या डाव्या जबड्यात गाठ निघाली. पोरगा खर्रा तर सोडाच, सुपारीचं खांडही तोंडात घालत नाही. पण गावाचं निदान ठरलेलं होतं. फक्त कारण तेवढं बदललं: "लपून खात असंल."

सुरुवात अक्कलदाढेपासून झाली. ठणका लागायचा, गोळ्या घेतल्या की थांबायचा. एका दवाखान्यात दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला, फोटो कोणी काढला नाही. शेवटी दुसऱ्या एका दंतवैद्यानं ओपीजी काढायला लावला. दोन्ही जबडे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत एकाच पट्टीत दाखवणारा हा एक्स-रे. तो दुकानाच्या ट्यूबलाइटसमोर धरला तेव्हा मला डाव्या बाजूला शेवटच्या दाढेमागून वर कानाच्या दिशेनं गेलेला एक काळा डाग दिसला. कडेनं पेन्सिलीनं आखल्यासारखी बारीक पांढरी रेघ, आणि त्या काळ्यात आडवी पडलेली अक्कलदाढ. एवढा मोठा डाग, आणि पोराच्या गालावर सूज म्हणावी अशी काही नव्हतीच.

सूज का नव्हती, ते नंतर कळलं. ही गाठ हाडाला बाहेर फुगवत नाही, आतल्या पोकळ भागातून लांबीला सरकत जाते. खालच्या जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात तिचं आवडतं ठिकाण. दात घडवणाऱ्या पेशींच्या पट्टीचे काही तुकडे जबड्यात उरलेले असतात, त्यातून ती निघते. त्याला खर्रा लागत नाही, तंबाखू लागत नाही, कोणाची वाईट सवय लागत नाही. ऐन तारुण्यातली मुलं-मुली हिच्या गिऱ्हाइकांत जास्त. बायोप्सीच्या कागदावर नाव आलं, ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट. मी फार्मसी शिकलेला माणूस, पण मलाही ते दोनदा वाचावं लागलं. दादांनी एकदाच विचारलं, "कॅन्सर हाय का नाही, तेवढं सांग." नाही, म्हटलं. "मंग कापून फेका आन् घरी चला."

इथंच खरी अडचण आहे. ही गाठ कॅन्सर नाही, पण कापून फेकली की संपली अशीही नाही. १९५६ साली डेन्मार्कच्या फिलिप्सेन यांनी तिला हे नाव दिलं, आणि ती परत येते हे तेव्हापासूनच्या सर्जनांना चांगलं ठाऊक आहे. तिच्या या स्वभावामुळेच जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ साली तिला सिस्टच्या, म्हणजे पिशवीसारख्या पोकळ गाठींच्या यादीतून काढून ट्यूमरच्या, म्हणजे पेशी वाढून झालेल्या गाठींच्या यादीत टाकलं आणि २०१७ साली पुन्हा सिस्टमध्ये आणून बसवलं. एवढ्या मोठ्या संघटनेला बारा वर्षं हिचं घर ठरवता आलं नाही म्हटल्यावर आमच्या पारावरच्या मंडळींना काय नावं ठेवायची?

नागपूरच्या ज्या सर्जन मॅडमकडे आम्ही गेलो त्या बोलायला सावकाश होत्या. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गाठीचं अस्तर फार पातळ, सहा ते दहा पेशींच्या थरांचं. हाडापासून सोडवताना ते फाटतं, त्याचा एखादा तुकडा कोपऱ्यात चिकटून राहतो. शिवाय मुख्य गाठीच्या भोवती बारक्या पिल्लगाठी असू शकतात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत. नुसती खरवडून काढली तर चारातल्या एकाला तरी ती परत होते, असं साधारण धरायला हरकत नाही. काही ठिकाणच्या नोंदी याहून वाईट आहेत.

दादा ऐकत होते. मग म्हणाले, "हरळीसारखं हाय मंग हे. वरून कितीबी उपटा, कांडी राहिली का पुना फुटते." मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबर. आता त्या कांडीचं काय करायचं, तेवढंच ठरवायचंय." माझ्या मनात होतं की वैद्यकीय भाषेत काहीतरी समजावून सांगावं. त्याची गरज उरली नाही.

त्याच भेटीत त्यांनी पोराचे दोन्ही तळहात उजेडाकडे वळवून बारकाईनं पाहिले. तो संकोचला. ट्रॅक्टरचं काळं ऑइल नखांत होतं, बोटांच्या बुडाशी घट्टे. मॅडम त्या घट्ट्यांच्या मधली कातडी बघत होत्या. सुईच्या टोकाएवढे खड्डे आहेत का, म्हणून. ते असतील, अशा गाठी एकाहून जास्त असतील, बरगड्यांची ठेवण वेगळी असेल, तर त्यामागं गॉर्लिन सिंड्रोम असू शकतो. गॉर्लिन आणि गोल्ट्झ या दोघांनी १९६० साली तो मांडला. त्यात पीटीसीएच-१ या जनुकात बिघाड असतो, तो आई-बापांकडून येऊ शकतो, आणि अशा माणसाला कातडीचा बेसल सेल कॅन्सर पुढं पुन्हा पुन्हा होण्याची भीती असते. पोराचे हात स्वच्छ निघाले, म्हणजे ऑइल सोडून. पण जनुकाची ती गोष्ट माझ्या डोक्यात राहिली, कारण पुढच्या औषधाचा धागा तिथूनच जातो.

पर्याय कमी नव्हते. जबड्याचा तेवढा तुकडाच कापून काढला तर गाठ परत येण्याचा प्रश्न जवळपास मिटतो, पण बावीस वर्षांच्या पोराचा अर्धा जबडा घालवायचा, मग प्लेट, मग दुसऱ्या हाडाचा तुकडा आणून बसवायचा. कॅन्सर नसलेल्या गाठीसाठी एवढी किंमत मला तरी जड वाटते. दुसरा मार्ग गाठीला तोंडाच्या आत भोक पाडून नळी ठेवण्याचा. घरच्याघरी सिरिंजनं रोज मिठाच्या पाण्यानं धुवायची, गाठ महिनोन् महिने हळूहळू आकसते, मग उरलेली काढायची. मोठ्या गाठीला हा फार चांगला उपाय आहे. पण ऐन वेचणीत कोण रोज आरशासमोर उभं राहून जबडा धुणार, हे आमच्या वहिनींनीच बोलून दाखवलं.

तिसरा मार्ग म्हणजे गाठ काढायची, हाडाची भिंत निळ्या रंगानं रंगवून बरनं, म्हणजे दंतवैद्याच्या फिरत्या टोकानं, एक-दोन मिलिमीटर घासून घ्यायची, आणि मग त्या पोकळीत असं काही लावायचं की राहिलेल्या पेशी मरतील. या 'असं काही'चा इतिहास मजेदार आहे. कार्नॉय नावाचे बेल्जियमचे एक जीवशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकात होऊन गेले. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायच्या आधी त्या पक्क्या करायला त्यांनी एक द्रावण बनवलं. पुढं लोकांनी त्यात फेरिक क्लोराइड घातलं आणि थेट माणसांच्या जखमांत लावायला सुरुवात केली. साठ टक्के अल्कोहोल, तीस टक्के क्लोरोफॉर्म, दहा टक्के ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, वर फेरिक क्लोराइड. जबड्यातल्या या गाठीसाठी ते वापरण्याची पद्धत १९८० च्या सुमाराला नेदरलँड्सच्या वुर्समिट यांनी रुळवली. तीन मिनिटं लावायचं, धुऊन टाकायचं. हाडात ते दीडेक मिलिमीटर शिरतं आणि वाटेतलं सगळं जाळतं.

काम ते चोख करतं. पण खालच्या जबड्यातून ओठाची संवेदना नेणारी नस जाते, आणि गाठ बहुतेकदा त्या नसेला टेकूनच असते. द्रावणाला नस आणि गाठ यातला फरक कळत नाही. शिवाय क्लोरोफॉर्मवर कॅन्सरजनक असू शकतं असा शिक्का आहे, म्हणून अमेरिकेत ते अशा मिश्रणातून बाद झालं आणि बिनाक्लोरोफॉर्मचं 'सुधारित कार्नॉय' आलं. क्लोरोफॉर्म काढल्यावर ते पहिल्याइतकं चालतं का, याबद्दल सर्जनांमध्ये दोन मतं आहेत.

म्हणून मॅडमनी चिठ्ठीवर लिहून दिलं: फ्लुरोयुरॅसिल क्रीम, पाच टक्के.

आता मी मेडिकलवाला. चिठ्ठी वाचली आणि थबकलो. हे कातडीचं मलम आहे. उन्हानं कातडीवर आलेले खवले, वरवरचा बेसल सेल कॅन्सर, यांच्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ लिहितात. आमच्या तालुक्यात त्याला मागणी इतकी कमी की दुकानात ठेवलं तर तारीख उलटून जाते. नागपूरच्या गांधीबागेतल्या ठोक व्यापाऱ्याला फोन केला तर त्यानं विचारलं, "स्किनचे कोणते डॉक्टर बसायला लागले तुमच्याकडं?" जबड्याच्या हाडात घालायचंय म्हटल्यावर तिकडून जरा वेळ आवाजच आला नाही.

मॅडमना विचारलं. त्यांनी न चिडता सांगितलं, आणि रात्री घरी येऊन मी आणखी वाचलं. फ्लुरोयुरॅसिल १९५७ सालचं आहे. चार्ल्स हायडेलबर्गर आणि त्यांच्या सोबत्यांनी ते अमेरिकेत बनवलं. कॅन्सरच्या पेशी युरॅसिल हा घटक जास्त ओढून घेतात असं दिसलं होतं, तर त्याला फ्लोरिनचा एक अणू जोडून त्यांनी तो त्या पेशींना खाऊ घातला. पेशीला तो नेहमीचाच माल वाटतो. पण थायमिन बनवणारं एन्झाइम त्यानं अडकून पडतं, थायमिन नाही म्हणून नवा डीएनए नाही, आणि भराभर वाढणारी पेशी वाढता वाढताच मरते. सलाइनमधून हेच औषध आतड्याच्या आणि स्तनाच्या कॅन्सरला देतात. मलमातून ते कातडीपुरतं राहतं.

आणि जबड्याशी संबंध काय? तर तेच जनुक. बेसल सेल कॅन्सरमध्ये आणि या केराटोसिस्टमध्ये पीटीसीएचची तीच साखळी बिघडलेली आढळते. एकाला जे मलम लागू पडतं ते दुसऱ्याला का लागू पडू नये, असा हा विचार. तो कोणाला सुचला तेव्हा मला वाटतं फार आनंद झाला असेल. २०१७ साली याबद्दल आलेल्या पहिल्या अहवालात रुग्ण तीसेकच होते, पण ज्यांना फ्लुरोयुरॅसिल लावलं त्यांच्यातल्या कोणालाही तोवर गाठ परत आली नव्हती. सुधारित कार्नॉय लावलेल्यांपैकी काहींना आली होती. ओठ बधिर होण्याचं प्रमाणही मलमवाल्यांत कमी. पुढच्या काळात आणखी रुग्णांच्या नोंदी आल्या आणि कल त्याच बाजूला राहिला.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. एवढ्या वर्षांचं औषध, पेटंट कधीच संपलेलं, काहीशे रुपयांची ट्यूब. कोणत्याही कंपनीला ते जबड्यासाठी विकण्यात रस नाही, म्हणून ट्यूबच्या लेबलवर जबड्याचं नाव येणार नाही. लेबलवर नाही म्हणजे चुकीचं असं नाही. डॉक्टर आपल्या विचारानं तसं लिहून देतात, फक्त त्यांनी रुग्णाला तसं सांगायला हवं. मॅडमनी सांगितलं होतं, कागदावर सहीही घेतली होती. दादांनी सही केली आणि मला विचारलं, "चामडीचं मलम हाडात काम करंल?" मी म्हटलं, हाडात नाही करायचं, हाडाला चिकटलेल्या चामडीत करायचं. हे उत्तर त्यांना पटलं. पूर्ण खरं नसलं तरी फार खोटंही नव्हतं.

ट्यूब मी स्वतः घेऊन गेलो. दादांच्या सुनेला तेव्हा दिवस गेलेले होते, आणि हे मलम गर्भारपणात हाताला लागणंही बरं नाही, म्हणून घरी नेलीच नाही, बसमधून थेट हॉस्पिटल. सीलबंद ट्यूबनं काही होत नसतं, पण घरात चार हात असतात आणि चौघांनाही खोकं उघडून बघायचं असतं.

ऑपरेशन भूल देऊन झालं. गाठ काढली, सोबत ती आडवी अक्कलदाढही गेली, हाड घासलं, आणि गॉजच्या लांब पट्टीला मलम माखून ती पोकळीत घडी घालून भरली. तिचं एक टोक टाक्यांमधून तोंडात सोडलेलं. चोवीस तासांनी काढायची. दुसऱ्या दिवशी पट्टी काढताना मी बाजूलाच होतो. मॅडमनी चिमट्यानं टोक धरलं आणि हळूहळू ओढायला लागल्या. येतेय, येतेय, येतच राहिली. पिवळसर, रक्तानं जागोजागी तांबूस झालेली, मलमानं चिकट. पोरानं डोळे गच्च मिटलेले, खुर्चीच्या हातावर बोटं पांढरी. शेवटचं टोक निघालं तसं त्यानं डोळे उघडले आणि ट्रेमधला तो गुंता पाहून तोंडात बोळा असतानाच बोलला, "काका, एवढी जागा होती का माह्या जबड्यात?"

काही आठवडे त्याचा खालचा ओठ डावीकडं बधिर होता. चहा पिताना कडेनं ओघळ यायचा आणि शर्टावर पडेपर्यंत त्याला कळायचं नाही. वहिनी नुसत्या पदरानं पुसत राहायच्या. हळूहळू मुंग्या आल्या, मग संवेदना आली.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला, आणि तो गाठीचा नव्हता.

मलमाचं नाव गावात पोचलं. कसं, ते विचारू नका. कोणीतरी मोबाईलवर टाकून पाहिलं, आणि पहिल्याच ओळीत कॅन्सर आला. "कॅन्सरचं औषध लावलं म्हणते. मंग कॅन्सर नाही तं का हाय?" तर्क म्हणून बघितलं तर चुकीचा नाही. आमच्या दुकानात मेथोट्रेक्सेट घेणारे सांधेवाताचे रुग्ण येतात, तेही मोठ्या मात्रेत कॅन्सरचंच औषध आहे. त्यातल्या एका आजींना मी हे कधी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. औषधाला आजाराचं आडनाव चिकटलं की ते जन्मभर सुटत नाही.

नुकसान बोलण्यापुरतं राहिलं असतं तर मी लिहिलंही नसतं. पण मॅडमनी बजावलं होतं की दरवर्षी ओपीजी काढायचा. परत येणाऱ्या गाठी बहुतेक पहिल्या पाच-सात वर्षांत येतात, पण दहा वर्षं उलटल्यावर आलेल्याही आहेत. मलम लावलं म्हणून यातून सुटका नाही. उलट मलमाचा अनुभव अजून तरुण आहे, म्हणून तर जास्त बघायला हवं. आता गावातून दरवर्षी नागपूरला जायचं म्हणजे दरवर्षी कोणीतरी बसस्टँडवर विचारणार, "अजून चालूच हाय का ट्रीटमेंट?" दुसऱ्याच वर्षी दादा म्हणाले, "दुखत नाही, सुजत नाही. कशाले जाचं? गेलो का लोकाइले वाटते पुना निघाली." पोरगाही गप्प बसला. त्याला तर हेच हवं होतं.

मला यात आजाराइतकाच राग आला. गाठ परत आली आणि वेळेत दिसली तर ती वाटाण्याएवढी असते. तेवढंच काढायचं, पुन्हा मलम, झालं. दिसली नाही तर ती आतल्या आत सरकत जबड्याच्या सांध्यापर्यंत जाईल, आणि तेव्हा तुकडा कापण्याशिवाय मार्ग उरणार नाही. ऑपरेशन चांगलं झालं, औषध चांगलं मिळालं, आणि सगळं वाया कशापायी जाणार? तर बसस्टँडवरच्या एका प्रश्नापायी. फॉलोअपला न येणाऱ्या रुग्णांना शहरातले डॉक्टर अडाणी समजतात. आमचे दादा अडाणी नाहीत. त्यांचा हिशेब वेगळ्या वहीत मांडलेला होता, एवढंच.

मग आम्ही वेळ ठरवून टाकली. पोळा झाला की सोयाबीन कापणीला येईपर्यंत मधे जरा हात मोकळे असतात. निंदण आटोपलेलं असतं, फवारणीही बहुतेक झालेली. त्या दिवसांत नागपूरला जायचं, आणि कोणी विचारलं तर सांगायचं, "जबड्याचा वर्षाचा फोटो काढाले चाललो." लपवायचं काही नाही, उत्तर लांबवायचंही नाही. सगळे ओपीजी मी दुकानात एका मोठ्या पाकिटात ठेवतो, घरी नाही. घरी ठेवले तर ओलीनं चिकटतात किंवा पोरं उन्हात धरून सूर्य बघतात. एकाखाली एक लावून पाहिले की ती काळी जागा कडेकडेनं भरत आलेली दिसते. आधी धूसर, मग हाडाची जाळी. आतापर्यंत स्वच्छ आहे.

या वर्षी त्याच्या लग्नाचं बघतोय. सोयरीक आर्णीकडची. आमच्यात दोन तट पडले, सांगायचं की नाही. वहिनी म्हणाल्या कशाला, दिसत तर काही नाही. मी म्हटलं, सांगायचं, आणि आधी आपण सांगायचं, पानठेल्यानं सांगायच्या आत. दादा काही बोलले नाहीत. पण मुलीकडचे आले, चहा झाला, पोहे झाले, तेव्हा त्यांनी स्वतःच विषय काढला. गाठ होती, काढली, कॅन्सरची नव्हती, पण औषध त्याच घरातलं लावलं, दरवर्षी फोटो काढाव लागते, आणखी बरीच वर्षं काढाव लागंल. मी पाकीट सोबत नेलंच होतं, फोटो काढून दाखवले.

मुलीच्या वडिलांनी फोटो खिडकीकडं धरून बराच वेळ पाहिले. त्यांना त्यातलं काय कळलं, देव जाणे. मग खाली ठेवले आणि मला म्हणाले, "हा फोटो किती रुपयांत निघते? आमच्या पोरीची बी अक्कलदाढ लय दिवसाची दुखून राहिली. पुढच्या खेपेले जासान तवा तिचा बी काढून आना."